द्राक्षांवरची साखर

मंगळवार, ता. ४

ती. स्व. दादांना,
सा. न. वि. वि.

माझ्या आईच्या खुब्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. काल तिला काठी धरून चार पावलं चालवलं, तर पाचव्या पावलाला तिने नर्सला पडद्यावरची धूळ दाखवली. म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. पण डॉक्टर म्हणतात, अजून तीन आठवडे तिच्याजवळ कुणीतरी हवं, आणि ते कुणीतरी मीच आहे. माझ्या भावाला दूध तापवायला सांगितलं, की मागून पातेलं घासायला वेगळा माणूस लागतो.

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून रागावू नका. फोनवर तुम्ही नुसतं बरं बरं करता आणि ठेवून देता. पिठाच्या गाडीचा ड्रायव्हर रोज सकाळी इथल्या गिरणीतून निघून आपल्या बेकरीत येतो आणि दुपारी परततो. त्याने आपलं टपाल न्यायचं-आणायचं कबूल केलंय.

आता कामाचं. पुढच्या शनिवारी, पंधरा तारखेला, पियानो शिकवणाऱ्या बाईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होतात. त्यांचे जुने विद्यार्थी जमणार आहेत, शंभरावर माणसं. केक तुमचे चिरंजीव करतीलच, केकमध्ये त्यांचा हात धरणारं कुणी नाही. पण बाईंना खरी हौस आहे ती आपल्या काचेच्या कपाटातल्या साखर चढवलेल्या फळांची. केकभोवती त्यांचं कडं हवंय आणि प्रत्येक पुडिंगच्या पेल्यावर द्राक्षांचा एक तुरा हवाय. मी त्यांना शब्द देऊन बसले, आणि दुसऱ्याच दिवशी माझी आई बाथरूममध्ये घसरली.

हे म्हणतात, मी करतो. दादा, यांचे हात दहा किलो मैदा मळायला केलेत. मागे एकदा मी यांना नुसती चेरी धरायला दिली होती, तर बी तेवढी वाचली.

म्हणून तुम्हाला विचारते. त्या घरात चिमट्याने वस्तू उचलणारा माणूस एकच. चाळीस वर्षं तुम्ही घड्याळांत मुंगीच्या पायाएवढे स्क्रू बसवलेत, त्यापुढे द्राक्ष म्हणजे भोपळाच की. फक्त दहा द्राक्षं करून बघा. धुवून अगदी कोरडी करायची. अंड्याचा पांढरा बलक फ्रिजमधल्या बंद बाटलीत आहे, तो तापवून निर्धोक केलेला असतो, तोच घ्या. त्यात पाण्याचे दोन थेंब टाकून काट्याने जरासा फेसायचा आणि ब्रशने द्राक्षाला पातळ लावायचा. मग वरून बारीक साखर पाडायची आणि जाळीवर वाळत ठेवायचं. झालं.

नाही म्हणायचं असेल तर तसं लिहा, पण आधी द्राक्षांना विचारा. लोभ आहेच, तो पत्राच्या उत्तरातून दिसावा.

तुमची,
सूनबाई


गुरुवार, ता. ६

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईसाहेबांची प्रगती वाचून बरं वाटलं. आमच्याकडे सर्व ठीक. तुझ्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या ठोंब्याने, काल मीठ विसरून चाळीस पाव भाजले आणि गिऱ्हाइकांना पथ्याचे म्हणून विकले. तुझ्या सासूचे गुडघे दुखतात, तोंड दुखत नाही. तू नाहीस म्हणून एक सुख मात्र झालं. चहा. तू आम्हाला नेहमी अर्धा कप देतेस आणि मग दुसऱ्यांदा मागावा लागतो. समोरच्या न्हाव्यालाही मी सांगितलं, की आमची सून सगळ्या गुणांची आहे, फक्त चहाच्या बाबतीत हात आखडता. आता तुझी सासू भरून देते. तो सांडतो, ही गोष्ट वेगळी.

तर उत्तर नाही असं आहे. कारण लिहितो, कारण तुला खोटं लिहवत नाही.

दोन वर्षांपूर्वी बेकरीशेजारचं घड्याळांचं दुकान बंद केलं तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, की डोळे गेले. माझे डोळे उत्तम आहेत. समोरच्या छपरावरचं कबूतर कोणत्या पायाने लंगडतं हे मी इथून सांगू शकतो. गेला तो हात. उजवा हात कापतो. थंडीने कापतो तसा नव्हे, आपल्या मनाने कापतो, बारीक, सारखा. मी त्याला सांगतो थांब, आणि तो थांबत नाही. चाळीस वर्षं माझं ऐकलेला हात आता माझं ऐकत नाही, हे कुणाला सांगणार? ठोंब्याला सांगितलं तर तो मला डॉक्टरांच्या रांगेत उभा करील. तुझ्या सासूलाही मी बोललो नाही.

शेवटचं घड्याळ बाईमाणसाचं होतं, बटणाएवढं. आतली केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरली, हात हलला आणि तिची गुंडाळी झाली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मी गिऱ्हाइकाला सांगितलं, की घड्याळ फार जुनं आहे, सुटे भाग मिळत नाहीत. खोटं सांगितलं. ते घड्याळ कुणाचं होतं माहीत आहे? तुझ्या याच पियानोच्या बाईंचं. ते त्यांच्या आईचं होतं. तेव्हापासून त्या रस्त्यात दिसल्या की मी पलीकडच्या फुटपाथवर जातो.

आता त्याच बाईंच्या केकवर मी हात चालवू? हात दाखवून अवलक्षण कशाला?

तुझ्या डब्यात मागची चार द्राक्षं उरली होती. एक सहज भिंगाखाली धरलं. सूनबाई, मी दहा मिनिटं ते बघत होतो. एकावर एक कण नाही. मध्ये कुठे उघडी जागा नाही. देठापाशी साखर विरळ होत गेली आहे, ती सुद्धा मोजून विरळ केल्यासारखी. घड्याळाच्या तबकडीवर असं काम असतं तर मी टोपी काढली असती. आणि भिंतीपलीकडे बसून मी सहा वर्षं याला साखरेचा पोरखेळ म्हणत होतो. तू ऐकलं असशीलच. ऐकलं असलंस तर विसर.

साखर किती बारीक लागते? मिक्सरमधून काढतेस का? आणि कोरडं म्हणजे किती कोरडं? आपलं विचारून ठेवतो, करणार नाही.

माया पातळ करू नये. तेवढी घट्टच बरी.

तुझा,
घड्याळजी (निवृत्त)


शुक्रवार, ता. ७

ती. स्व. दादांना,
सा. न. वि. वि.

न करणाऱ्या माणसाने तीन प्रश्न विचारले, म्हणून तिन्हींची उत्तरं देते. साखर मिक्सरमध्ये एकदाच गर्रकन फिरवायची आणि लगेच थांबवायची. तिची पिठी झाली की काम गेलं, पिठी साखर ओलाव्यावर मेणासारखी बसते. ती बोटांत रेतीसारखी टोचली पाहिजे. आणि कोरडं म्हणजे तुम्ही घड्याळाची काच बसवण्याआधी पुसता तेवढं कोरडं. देठाच्या बेचक्यात पाण्याचा थेंब लपून बसतो, त्याला कापसाच्या वातीने टिपायचं.

आता हाताचं. दादा, मला माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तुम्ही कप उचललात, तो बशीवर किणकिणला, आणि तुम्ही चहा तसाच ठेवून वर्तमानपत्र उचललंत. वर्तमानपत्र उलटं होतं. दुसऱ्या दिवशीपासून मी कप अर्धा भरायला लागले. अर्धा कप हलला तरी सांडत नाही. तुम्ही मागितलात की पुन्हा अर्धा. निघताना घरी आईंना अर्धाच द्या म्हणून सांगून आले होते, पण त्यांना वाटलं मी साखर कमी करायला सांगतेय. तुम्ही न्हाव्याजवळ माझी कंजूस म्हणून ख्याती केलीत, ती मला त्याच्या बायकोकडून कळली होती. मी गप्प राहिले. कंजूस म्हणवून घेणं परवडलं, तुमचा चेहरा पडलेला बघवत नव्हता.

एवढं लिहिलं, आता पुन्हा काढणार नाही.

बाईंच्या घड्याळाचं मला ठाऊक नव्हतं. त्याबद्दल काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, तिथे सुनेने शहाणपण शिकवू नये. पण त्यांना द्राक्षं हवीत, आणि मी दुसऱ्या कुणाकडे जाणार? तुम्ही एक द्राक्ष दहा मिनिटं भिंगातून बघितलंत. मला हे काम शिकवणाऱ्या बाईसुद्धा एवढं बघत नव्हत्या. सोमवारपर्यंत कळवा. तुमचं नाही आलं तर मी पियानोच्या बाईंना फोन करून नुसता केक घ्या म्हणून सांगेन आणि माफी मागेन.

पोरखेळ मी ऐकलं होतं. विसरणार मात्र नाही, पुढे भांडायला उपयोगी पडेल.

राग येऊ द्या, पण लोभाला हात लावू नका.

तुमची,
कंजूस सून


सोमवार, ता. १०

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवारी आलं, दोन दिवस खिशात होतं. काय लिहायचं ते कळेना. अजूनही कळत नाही. न्हाव्याकडे मात्र जाऊन आलो. माझे शब्द परत घेतो असं त्याला सांगितलं, तर तो म्हणाला की ते त्याला कधी खरे वाटलेच नव्हते.

काल दुकानाचं कुलूप काढलं. टेबलावर दोन वर्षांची धूळ. ती पुसली, दिवा लावला, भिंग डोळ्याला चढवलं. दहा द्राक्षं घेतली. ब्रशने बलक लावायला गेलो, तो अर्धा द्राक्षाला आणि अर्धा माझ्या बाहीला. तुझी सासू दारात उभी होती. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, या टेबलाजवळ ती कधी आली नव्हती, मीच येऊ देत नव्हतो. ती आली, माझ्या हातातून ब्रश काढून घेतला आणि खुर्ची ओढून बसली. एक शब्द बोलली नाही. मागच्या पत्रात लिहिलेल्या तोंडदुखीच्या विनोदाबद्दल तिची माफी असावी. ब्रश ती फार सुरेख चालवते.

साखर मी घातली. मनगट टेबलाच्या कडेला घट्ट दाबून धरलं, डाव्या हाताने उजवा आवळला आणि चमच्याने एकेक चिमूट सोडली. कुठे ढीग, कुठे टक्कल. दहातली चार बरी म्हणता येतील. तीन ठोंब्याने खाल्ली आणि उरलेली तीन मी लपवली.

तरीही करतो. बाईंना फोन करू नकोस. उद्या साठ द्राक्षांची तालीम करणार आहे. ती रात्रभर टिकतात का तेही कळेल. काळजी करू नकोस, ठेवण्याच्या बाबतीत मी तुझ्यापेक्षा तयार आहे. घड्याळ उघडं असलं की त्यावर धुळीचा कण बसू नये म्हणून माझ्याकडे काचेची घुमटासारखी झाकणं आहेत, बावीस. सगळी धुवून काढली. साखर चढवली की लगेच झाकून टाकणार. धूळ नाही, माशी नाही, ठोंब्या नाही.

आशीर्वाद नेहमीचे, फक्त यावेळी जरा घाईत.

तुझा,
घड्याळजी


बुधवार, ता. १२

लाडक्या सूनबाईस,
तुझ्या सासूचा आशीर्वाद.

मी कधी पत्र लिहीत नाही हे तुला माहीतच आहे, अक्षराला हसू नकोस. पण यांनी आज सकाळपासून तोंडाला कुलूप लावलंय, म्हणून मीच लिहिते. सगळं गेलं गं. साठच्या साठ. काल दिवसभर आम्ही दोघं बसलो, मी ब्रश आणि ते साखर, आणि एकेक करून त्या काचेच्या झाकणांखाली मांडली. काय छान दिसत होती! आज सकाळी उठून बघतो तर काचा आतून घामाने भरलेल्या, साखर विरघळून पाक झालेला आणि द्राक्षं त्या पाकात बसलेली. तुझा नवरा म्हणाला, की दादा, निदान मुरंबा तरी होईल. त्याला मी डोळ्यांनीच गप्प केलं.

यांनी हत्यारं एकेक करून पेटीत घातली. मग म्हणाले, की सूनबाईला कळव, पियानोच्या बाईंना फोन करू दे. हा हात आता कशालाच लायक नाही, असंही म्हणाले. माझ्यासमोर हाताचं पहिल्यांदा बोलले. अगं, मी त्यांच्या शेजारी झोपते, मला कळत नाही का? शर्टाची बटणं मी दोन वर्षं आदल्या रात्रीच लावून ठेवते, डोक्यातून चढवता यावा म्हणून. त्यांना वाटतं धोब्याची सवय तशी आहे. तू अर्धा कप भरायचीस ते मात्र माझ्या लक्षात आलं नाही, मी इतके दिवस भरून देत राहिले आणि टेबलावरचं कापड धूत राहिले.

एक गोष्ट सांगते, ती महत्त्वाची आहे की नाही कोण जाणे. पेटी भरताना यांनी साखरेची चाळणी उचलली आणि उरलेली साखर डब्यात ओतायला निघाले. मनगट कुठे टेकवलं नव्हतं, हात तसाच हवेत. रागात होते, लक्षही नव्हतं. खाली चेरीच्या खोक्याचं काळं झाकण पडलं होतं, त्यावर माझ्या ब्रशचा बलक सांडून ओला होता. चाळणी त्यावरून गेली. मी बघतच राहिले. मी पस्तीस वर्षं चाळणीने पीठ चाळते, माझ्या हातून असं एकसारखं कधी पडलं नाही. ते झाकण मी वाळवलं आणि या पत्राबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवते. ड्रायव्हरला म्हटलं, अंड्यासारखं ने. तूच बघ आणि काय ते ठरव. फोन लगेच करू नकोस.

तुझ्या आईला नमस्कार सांग. माझा लोभ वेगळा मागायला नको, तो तुझाच आहे.

तुझी,
सासू


गुरुवार, ता. १३, सकाळ

ती. स्व. दादांना,
सा. न. वि. वि.

आधी गुन्ह्याचं. झाकणांची चूक माझी आहे. तुमचं पत्र परवा मिळालं तेव्हा मी झाकणांची ओळ वाचून ओरडलेच, पण गाडी आता दुसऱ्या सकाळीच निघणार होती, आणि फोन केला तर तुम्ही दोघं दुकानात. फळ जिवंत असतं, दादा. साखरेखालीही त्याचा श्वास चालू असतो. त्याला बंद केलं की ते घामाघूम होतं आणि स्वतःची साखर स्वतःच पिऊन टाकतं. हे मी कृतीत लिहायला हवं होतं, पण द्राक्षाला कुणी घड्याळासारखं झाकून ठेवील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तो मान तुमचाच. मी शिकताना पहिल्या खेपेला दोनशे चेरी फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. बाहेर काढल्यावर त्या रडल्या आणि त्यांच्यामागून मी.

आता काळ्या झाकणाचं. हो, ते माझ्याकडे आलंय. आईंवर रागावू नका.

मी ते खिडकीत उजेडाला धरून बसलेय. कुणी मला विचारलं असतं, की हे काम कुणाचं, तर मी माझं म्हणाले असते, आणि माझ्या सगळ्यात चांगल्या दिवसाचं म्हणाले असते. एकावर एक कण नाही. मध्ये उघडी जागा नाही. तुम्ही माझ्या द्राक्षाबद्दल जे लिहिलंत तेच तुम्हाला परत पाठवते.

ही समजूत काढत नाहीये. तुम्हाला खोटं लिहवत नाही, तसं मलाही नाही. साखर पाडण्यातली खरी गोम काय असते, सांगू? चाळणी झटकायची नसते, ठोकायची नसते. ती हातात थरथरली पाहिजे, बारीक, सारखी, एका लयीत. मला हे जमायला तीन वर्षं लागली. माझ्या शिकवणाऱ्या बाई माझ्या कोपराखाली बोट लावून उभ्या राहायच्या. माझा हात स्थिर झाला, की टोचायच्या आणि म्हणायच्या, की मेलेल्या हाताने साखर पडत नाही, ढीग पडतो. आजही वीस-पंचवीस फळांनंतर माझं मनगट भरून येतं आणि मला थांबावं लागतं. मी जे तीन वर्षं शिकले आणि अजून अर्धा तासच करू शकते, ते तुमचा हात विनासायास दिवसभर करतो.

तुम्ही मनगट टेबलाला दाबून धरलंत, म्हणून ढीग पडले. तुम्ही हाताला थांब म्हणत होतात. या कामात त्याला थांबवू नका. चमचा फेकून द्या. चाळणी घ्या, कोपर मोकळं सोडा, आणि हाताला जे करायचंय ते करू द्या. बाकी ब्रश आईंकडे. यांना पंख्याजवळ उभं करा. जाळ्या उघड्या, पंखा लांबून आणि मंद. फ्रिज नाही, झाकण नाही. शुक्रवारी दुपारी सुरू करा म्हणजे शनिवारी ताजी राहतील.

मी पियानोच्या बाईंना फोन केलेला नाही आणि करणारही नाही. हे पत्र दुपारपर्यंत तुमच्या हातात पडेल. नाही म्हणायचं असेल तर फोन तुम्ही स्वतः करा. तुम्हाला फोनचा कंटाळा आहे हे मला माहीत आहे.

रागावलात तरी शनिवारनंतर रागवा. तोवर कृपा चाळणीत धरावी, सारखी पडेल.

तुमची,
सूनबाई


रविवार, ता. १६

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

फोन केला नाही, हे तुला कळलंच असेल.

तुझं पत्र वाचून मला राग आला होता. वाटलं, पोर म्हाताऱ्याला गोड बोलून कामाला लावते आहे. म्हणून गुरुवारी दुपारी दुकानात गेलो, दार लावून घेतलं, काळा कागद पसरला आणि चाळणी धरली. कोपर सोडलं. आणि दोन वर्षांत पहिल्यांदा हाताला थांब म्हटलं नाही.

साखर पडली. मी कागद भिंगाखाली घेतला. तू खोटं लिहिलं नव्हतंस. मी तिथेच बसून राहिलो आणि रडलो, हे तुला लिहायला हरकत नाही. मग तुझ्या सासूला हाक मारली.

शुक्रवारी बसलो ते संध्याकाळपर्यंत. तीनशे बारा नग. तुझी सासू ब्रश फिरवून द्राक्ष चिमट्यात धरायची, मी चाळणी धरायचो, आणि ठोंब्या जाळ्या उचलून पंख्यापाशी नेऊन मांडायचा. आश्चर्य म्हणजे त्याने फक्त दोन चेऱ्या फोडल्या. मध्येच तो थांबून माझ्या हाताकडे बघायला लागला. मीही हात लपवला नाही. त्याने विचारलं, की दादा, किती दिवस? मी म्हटलं दोन वर्षं. तो जाळी घेऊन गेला, पण पुढचा तासभर पंख्याकडे तोंड करून उभा होता. पुढच्या आठवड्यात मला डॉक्टरांकडे नेणार म्हणतो. मी जाईन म्हणालो.

कड्यासाठी गुलाबाच्या पाकळ्याही केल्या, त्या सगळ्यात अवघड. दुसरी बाजू करताना पहिली मोडते. तू त्या कशा करतेस ते आल्यावर दाखव. आम्ही चाळीस केल्या, तेवीस धरल्या. तुझ्या कामाबद्दल मला काय वाटतं ते या सतरा मोडक्या पाकळ्यांवरून समज.

शनिवारी केक पोचवायला मीही गाडीत बसलो. बाईंच्या घरी मोठी खोली, मध्ये पियानो, भोवती खुर्च्याच खुर्च्या. तुझ्या नवऱ्याने केक ठेवला आणि मी कडं मांडलं. हात कापत होता आणि लोक बघत होते. मांडून झालं. खिडकीतून ऊन येत होतं, ते साखरेवर पडलं, तेव्हा खोलीतली बोलणी जरा थांबली. बाई जवळ आल्या. त्यांनी विचारलं, हे कुणी केलं? ठोंब्याने माझ्याकडे बोट दाखवलं. आता पलीकडे जायला फुटपाथ नव्हता.

मी त्यांना बाजूला नेऊन सांगितलं. जुनेपणाचं कारण खोटं होतं, सुटे भाग मिळत होते, स्प्रिंग माझ्या हातून गेली आणि मी खोटं बोललो. हातही दाखवला. मग त्यांनी केकवरचं एक द्राक्ष काढून खाल्लं, सावकाश. म्हणाल्या, की तेव्हाच त्यांना शंका आली होती, कारण मी बोलताना जमिनीकडे बघत होतो आणि माझी तशी सवय नाही. आईचं घड्याळ गेल्याचं दुःख त्यांना आहे, ते त्यांनी झाकलं नाही. मला तेच बरं वाटलं. पण त्याहून जास्त राग मी रस्ता बदलत होतो त्याचा आला, असं म्हणाल्या. शेजारचा घड्याळजी दोन वर्षं तोंड लपवून हिंडतो, हे काही शोभत नाही म्हणे. मग मला पियानोच्या अगदी जवळच्या खुर्चीवर बसवलं.

घड्याळ त्यांनी परत माझ्याकडे दिलं आहे. माझ्या ओळखीचा एक पोरगेला घड्याळजी आहे, नवी स्प्रिंग तो बसवील. मी शेजारी बसून त्याला सांगेन. माझे डोळे उत्तम आहेत.

तुझी आई चालायला लागली की लगेच ये. दुकानावर मी नवी पाटी लावलेली नाही, पण टेबल पुसून ठेवलं आहे, दोघांना पुरेल एवढं. फळांचं काम यापुढे दोघांचं. ब्रशचा मान तुझ्या सासूचा, ती तो सोडायला तयार नाही. तुझ्यासाठी एका जाळीवर बारा द्राक्षं राखून ठेवली होती. ती ड्रायव्हरने पाहिली, आता सात आहेत.

एवढीच विनंती, की आलीस की पहिल्या सकाळी मला चहा भरून दे. अगदी काठोकाठ. सांडला तर सांडू दे, खाली बशी आहे.

तुझा,
दादा